नवी दोरी, जुनं लाकूड

६ जून, दुपार

प्रिय दादा,

नमस्कार, विनंती विशेष. विशेष काही नाही असं लिहून मोकळी होणार होते, पण तुझं पत्र समोर ठेवून तसं लिहायला हात धजेना. नऊ वर्षांत तुझी चार पत्रं आली. तीन माझ्या वाढदिवसाची, तीही तारीख चुकवून. हे चौथं.

बाबा बरे आहेत. जेवतात, भांडतात, दुपारी पुढच्या खोलीतल्या बाकावर आडवे होतात. आत्ताही घोरतायत, म्हणून तर लिहायला बसलेय. डाव्या डोळ्याच्या खळग्यातून थंडीत पाणी येतं, बाकी तक्रार नाही. उजवा ठणठणीत आहे. वर्तमानपत्रातल्या बारीक जाहिराती वाचतात आणि त्यातल्या चुका मला वाचून दाखवतात. आई असती तर तिनं निम्म्या चुका ऐकल्या असत्या, आता सगळ्या माझ्या वाट्याला.

आपल्या धनुष्यांच्या कारखान्याचं विचारलंस. पुढच्या खोलीत अजून बाबांचं राज्य आहे. अखंड लाकडाचं धनुष्य, सुती दोरी, लाकडी बाण, खरी पिसं. बाण ठेवायला हाताची मूठ, नेम धरायला स्वतःचा डोळा. दुसरं काही मागणारं गिऱ्हाईक आलं की ते म्हणतात, ‘आवळ्याभोपळ्याची मोट बांधायला आपण बसलेलो नाही.’ मग ते गिऱ्हाईक अंगणातून वळसा घालून मागच्या दाराशी येतं. मागची खोली, जिथं तुझं टेबल होतं, ती आता माझी आहे. तिथं मी दिवसभर आवळेभोपळेच बांधते. तू हसशील, हसून घे.

गेल्या महिन्यात दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या. त्यांना धनुष्य लाकडाचंच हवं, कारण बाजारातली तयार धनुष्यं बाण सुटताना त्यांच्या दवाखान्यातल्या मशीनसारखी किरकिरतात म्हणे. पण नेम धरायला वर साईट हवी, कारण चष्मा. बाण कार्बनचे हवेत, कारण लाकडी बाण दमट हवेत वाकतात. आणि पिसं मात्र खरी, कारण प्लास्टिकची त्यांना बघवत नाहीत. मी म्हटलं, “बाई, म्हणजे सासरही हवं आणि माहेरही.” त्या म्हणाल्या, “मग? का नको?” पिसांचं तर त्यांनी नकळत बरोबरच सांगितलं होतं. बाण लाकडाला घासून जातो तेव्हा पिसं दबतात. प्लास्टिक दबत नाही, बाणाला धक्का देतं. हे तूच मला शिकवलंस, मी फक्त तोऱ्यात सांगितलं.

दुसरे आमचे बसचे ड्रायव्हर. उजवा खांदा कामातून गेलेला, डाव्या हाताची दोन बोटं अर्धी. त्यांना धनुष्याची वरची-खालची पाती बाजारातली तयार बसवून दिली, हलक्या ओढीची, पण मधली मूठ लाकडाची, त्यांच्या तीन बोटांच्या मापानं कोरलेली. ती मूठ बाबांनी कोरली. त्या मुठीला वर-खाली बोल्टची भोकं कशासाठी, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांना विचारायचं नसलं की ते शिंकतात. त्या दिवशी चार शिंका आल्या.

नव्या धाग्याची दोरीही मी आता सर्रास वापरते. धनुष्याच्या टोकांवर शिंगाची टोपणं चिकटवते, दोरीच्या फासात जादा धागे घालून तो जाड करते, मग ती लाकडाला कापत नाही. नऊ वर्षांत माझ्या हातचं एकही टोक फुटलेलं नाही. हे तुला का सांगतेय कोण जाणे.

बरं, तू यायचं म्हणतोस त्याविषयी. आत्ता नको. घराला रंग द्यायचाय, सामान सगळं मधल्या खोलीत येईल, तुला बसवायचं कुठं? आणि तू लिहितोस, ‘बाबांच्या पायाशी बसून डोळ्याबद्दल माफी मागायची आहे, त्याशिवाय मला चैन पडणार नाही.’ कशाला उकरून काढतोस? स्पर्धेच्या मैदानात बाबांच्या हातातल्या धनुष्याचं टोक फुटलं, चिरफळी डोळ्यात गेली, त्या धनुष्यावर तुझी नवी दोरी होती, तू घर सोडलंस. सगळ्यांना ठाऊक आहे. जखम भरली आहे, खपली काढू नये.

तुझं पत्र बाबांना दाखवलेलं नाही. लाकडाच्या भुशाच्या पिंपात खुपसून ठेवलं होतं, लिहिण्यापुरतं बाहेर काढलंय.

बाक करकरला. उठले वाटतं.

तुझी,
धाकटी


१९ जून

प्रिय दादा,

रंगाचा बहाणा तुला पटला नाही, हे तुझ्या उलट टपाली आलेल्या पत्रावरून कळलं. ‘ब्रश मी घेऊन येतो’ म्हणे. चेष्टा करायची सवय गेली नाही तुझी, बरं वाटलं.

पण एक घोळ झाला. या वेळी पोस्टमननं पत्र थेट बाबांच्या हातात दिलं. मी मागं शिंगं उकळत होते, वासानं दार लावून घेतलेलं. बाहेर आले तर ते पत्र दुसऱ्यांदा वाचत होते. उजव्या डोळ्यासमोर धरून, ओठ हलवत. मग घडी घातली, माझ्या हातात दिली आणि म्हणाले, “दहा जुलैला येतोय. येऊ दे.” बस, एवढंच. मग वाकायला टाकलेल्या धनुष्याकडे वळले.

दादा, मला वाटलं होतं ते चिडतील. नाही म्हणतील, आरडाओरडा करतील, आणि मग मला काही करावं लागणार नाही. ते चिडले नाहीत. जेवताना एक भाकरी जास्त मागितली.

तिरंदाजी क्लबवाल्यांचं तू विचारलंस. तुझ्याच शब्दावरून त्यांनी मला बोलावलं होतं, हे मला माहीत आहे, त्यांनी लपवलं नाही. दोनदा बोलावलं. काम काय, तर येणाऱ्या माणसाचं शरीर, खांदा, डोळा, आवड बघायची आणि जुन्यातलं काय, नव्यातलं काय असं जुळवून द्यायचं. म्हणजे मी चोरून मागच्या दारानं करते ते तिथं पुढच्या दारानं करायचं. राहायला खोली. खोलीला खिडकी, रस्त्याकडे. त्या खिडकीचं मला का एवढं लागून राहिलं कळत नाही, मागच्या खोलीलाही खिडकी आहेच की. ती भिंतीकडे उघडते.

दोन्ही वेळा मी नकार कळवला. कारण तुला सांगायला हरकत नाही. धनुष्याचा वाक बघायला दोन डोळे लागतात, हे तू विसरला नसशील. भिंतीवरच्या चौकटीत धनुष्य अडकवायचं, कप्पीवरून दोर ओढायचा, आणि समोर उभं राहून बघायचं, वरचं पातं आणि खालचं पातं सारखं वाकतंय का. एका डोळ्याला अंतर नीट कळत नाही. बाबा दोर ओढतात, मी बघते, मी सांगते, ते तासतात. नवं गिऱ्हाईक आलं की माझी ओळख करून देतात, “हा माझा दुसरा डोळा.” लोक कौतुकानं माझ्याकडे बघतात. अशी लेक सगळ्यांना मिळो, म्हणतात. मी पाणी आणायला म्हणून आत जाते.

नऊ वर्षं रोज आत जाऊन पाणी आणते.

हे सगळं लिहायचं कारण तुझ्या पत्रातली ती खुंटीची ओळ. ‘मला आठवतंय,’ तू लिहितोस, ‘मीच माझी दोरी आळसानं बाबांच्या खुंटीवर टांगली असणार. त्यांनी अंधुक उजेडात तीच उचलली. दुसरं कसं होईल, नव्या धाग्याचं रीळ घरात फक्त माझ्याकडे होतं.’ आळशी तू होतासच. मोजे एक खाटेवर, एक खुंटीवर. त्यामुळे तुला स्वतःचं ते पटलं, आणि मला वाटतं एवढ्या वर्षांत ते तुला आठवायलाही लागलं असेल.

पण त्या दिवशी सकाळी तुझी दोरी तुझ्याच खुंटीवर होती. मी पाहिली होती.

आज एवढंच लिहवतंय. पत्र टाकून येते, नाहीतर फाडीन.

धाकटी


२८ जून

प्रिय दादा,

मागच्या पत्रानंतर तुझं काही आलं नाही. बरोबर आहे. ‘मी पाहिली होती’ म्हणून पत्र संपवणाऱ्या बाईला कोण काय उत्तर देणार? आता सरळ सांगते, आडपडदा ठेवत नाही.

ती दोरी मी वळली.

त्याच्या आदल्या वर्षी लांब पल्ल्याच्या फेरीत बाबांचा बाण क्लबच्या त्या ठेंगण्या माणसापेक्षा पंधरा पावलं मागं पडला होता. लोक हसले. बाबाही हसले, पण घरी आल्यावर आठवडाभर कानस हातात धरली नाही. तू म्हणायचास, नवी दोरी ताणली जात नाही, म्हणून बाणाला जास्त जोर देते. माझ्या डोक्यात तेच बसलं. तुझ्या रिळातला धागा काढला, तू आंघोळीला गेला होतास. दोरी वळली, मग मेणात काजळी घालून चोळली, चांगली मळकट केली, जुन्या सुती दोरीसारखी. बाबांच्या खुंटीवरची दोरी काढून तिथं ही टांगली. त्यांनी जिंकावं आणि कुणाला कळू नये, एवढाच माझा डाव. तुझं अर्धवट ऐकलं होतं. ताणली जात नाही म्हणजे तो सगळा हिसका लाकडात जातो, टोकाला आधी शिंग बसवावं लागतं, हे मी ऐकलंच नव्हतं. किंवा तू सांगितलं होतंस आणि मी पुढचं स्वप्न बघत होते.

एकवीस वर्षांची होते. हे कारण म्हणून देत नाही, नुसतं वय सांगते.

तिसऱ्याच बाणाला टोक फुटलं. पुढचं तुला माहीत आहे. फक्त एक सांगायचं राहिलं. दवाखान्याच्या पॅसेजमध्ये, डॉक्टर आत गेल्यावर, काका का कोण विचारत होते की नवी दोरी आली कुठून. तू भिंतीला टेकून म्हणालास, “माझीच असणार.” मी तुझ्यापासून दोन हातांवर होते. माझं तोंड उघडलंसुद्धा होतं. मग कुणीतरी म्हणालं, “तरी आम्ही सांगत होतो, असल्या खेळांचं हेच होतं,” आणि सगळे तुझ्याकडे वळले, आणि मी तोंड मिटलं. आज सांगेन, उद्या सांगेन असं चाललं. पाचव्या दिवशी तू बॅग उचललीस. मग कुणाला सांगणार?

आता बाबांचं. तुला लिहिण्याआधी त्यांना सांगायचं, असं मी ठरवलं. परवा सकाळी सांगितलं. चौकटीत नवं धनुष्य होतं, त्यांनी दोर ओढून धरलेला, मी समोर उभी.

म्हटलं, “बाबा, ती दोरी माझी होती.”

“खालचं पातं बघ,” ते म्हणाले.

“बाबा, मी काय सांगतेय...”

“ऐकलं. बहिरा नाहीये मी.” दोर हळूहळू सैल सोडला, धनुष्याला इजा होऊ नये म्हणून, अगदी नेहमीसारखा. “तुझा पीळ उलटा पडतो. डावखुऱ्या माणसाचा पडतोच. घरी आणलं ना मला चौथ्या दिवशी, तेव्हा दोरी हातात घेतली. पट्टी होती डोळ्यांवर दोन्ही. बोटांनी कळलं. मग चुलीत टाकली.”

दादा, तू गेलास पाचव्या दिवशी.

मी विचारलं, “मग त्याला का जाऊ दिलंत?”

“तो जाणारच होता. आज नाहीतर उद्या. त्याचं मन कधी होतं इथं?” बाकावर बसले, गुडघे चोळले. “तू गेली असतीस तर मी एका डोळ्यानं काय करणार होतो?”

“मला सांगायचं तरी. माहीत आहे म्हणून सांगायचं.”

“सांगितलं असतं तर थांबली असतीस?”

ते उत्तराची वाट बघत नव्हतेच, त्यांना ते माहीत होतं. मग जरा समजुतीच्या सुरात म्हणाले, “हे बघ, तो येतोय. माफी मागेल. मी देईन. तिघं बसून जेवू. त्याचंही ओझं उतरेल, माझ्या जिवालाही बरं वाटेल. झाकली मूठ सव्वा लाखाची. तू मध्ये तोंड उघडू नकोस, पोरी. नऊ वर्षं नाही उघडलंस, आता कशाला?” आणि उठून पुन्हा दोर हातात घेतला. “हं. खालचं पातं सांग.”

आणि मी सांगितलं, दादा. खालचं पातं मधे ताठ आहे म्हणून सांगितलं. ते तासत गेले, मी बघत गेले, जेवणाची वेळ होईपर्यंत. धनुष्य सुरेख झालं.

तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही. त्यांचा इतका राग येतो की ताटात वाढताना भाकरी आदळते. मग वाटतं, कुठल्या तोंडानं? त्यांनी मला कोंडलं म्हणावं, तर आतून कडी मीच घातली होती. तू चोर ठरलास म्हणून मी गुणी लेक ठरले. मला ते नकोसंही होतं आणि सोयीचंही. मी समजत होते, पाप फेडायला थांबलेय. फेडायचं कसलं? ज्याचं देणं लागत होते तो इथं नव्हताच, तू होतास तिकडे. आणि आता सगळं उघड झालंय, बाबांना माहीत आहे, थांबायला कारण राहिलेलं नाही, तरी सकाळी त्यांनी हाक मारली की पाय आपोआप पुढच्या खोलीकडे जातात. पाळलेल्या बैलासारखे. काल क्लबला पत्र लिहायला घेतलं. तारीख घातली, मायना घातला, आणि बाबांनी विचारलं शिंग भिजवलंस का. भिजवलं.

खरं तर मलाही त्यांचा बेत क्षणभर आवडला होता. हे लिहायला लाज वाटते, पण लिहिते. तू येशील, त्यांच्या पायाशी बसशील, ते तुझ्या डोक्यावर हात ठेवतील. घर पुन्हा भरेल. तू मला म्हणशील, तू सगळं सांभाळलंस गं. मी मान खाली घालेन, लोकांना तो विनय वाटेल. किती सोपं आहे. दुसऱ्यांदा तुझ्या पाठीवर चढून मी नदी पार करायची.

मला तू शिव्या दे. पत्रातून दे, येऊन दे, दोन्हीकडून दे. येऊच नकोस म्हणालास तरी मी समजेन. पण येणार असलास तर हे पत्र वाचून ये. ते घेऊन पोस्टात मी स्वतः जातेय, बाबांना सांगितलंय सुतळी संपली.

दहा तारखेला तू दारात आलास की ते बाकावरून उठतील. त्यांना आनंद होईल, आणि तो खरा असेल, नाटक नसेल, हेच तर अवघड आहे. त्या वेळी मीही तिथं असेन. मी बोलेन असं ठरवलंय. पण माझ्यावर भरवसा ठेवू नकोस, मागच्या वेळीही मी समोरच उभी होते. म्हणून आधीच लिहून ठेवते. ते माफी देतील. ती घेऊ नकोस, दादा. ती माझी आहे.

तुझ्यापासून दोन हातांवर गप्प राहिलेली,
तुझी बहीण